खादाड स्पीकर

ताई लग्न करून सासरी गेली तेव्हा ती साठ वर्षांची होती. तिचा धाकटा भाऊ, ज्याला ती जन्मभर 'घुम्या' म्हणत आली, तिच्याहून तीन वर्षांनी लहान. बहीण विशीत सासरी जाते तेव्हा मागे आई असते, वडील असतात, एकमेकींच्या गळ्यात पडायला मावश्या-आत्या असतात. इथे मागे राहिला तो एकटा घुम्या. त्याला रडायचीही सोय नव्हती, कारण साक्षीदार म्हणून रजिस्टरवर सही त्यानेच केली होती आणि टाळ्याही सगळ्यांत आधी त्यानेच वाजवल्या होत्या.

लग्न करायचं नाही असं दोघांनी कधी ठरवलं नव्हतं. आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती. ती गेली तोवर विचारणारे थांबले होते. मग दोघांचं आपापलं बस्तान बसून गेलं. ताई शाळेत खेळाची शिक्षिका होती. शिट्टी न वाजवता अख्खं मैदान थांबवेल असा आवाज, आणि घरातही ती त्याच पट्टीत बोलायची. भाजी चिरताना बोलायची, पेपर वाचताना बोलायची, आंघोळ करताना बाथरूमच्या दारातून बोलायची. घुम्या 'हं' म्हणायचा. त्याच्या 'हं'चे बरेच प्रकार होते आणि ताईला ते सगळे कळायचे.

निवृत्त झाल्यावर ताई एका ग्रुपबरोबर डोंगर चढायला जाऊ लागली आणि तिथे तिला दाजी भेटले. दाजी विधुर, स्वभावाने उमदे. त्यांच्या दूरच्या गावातल्या घरात दोन मुलं, सुना, नातवंडं, आला-गेला असा सगळा गोतावळा. वाईट शोधायला गेलं तरी सापडू नये असा माणूस. घुम्याने थोडं शोधून पाहिलं, मग नाद सोडला.

जाण्याच्या आधीच्या आठवड्यात ताईने दोन मोठी खोकी घरी आणवली. आत कमरेइतके उंच, तांबूस लाकडाचे स्पीकर.

"हे कशाला?" घुम्याने विचारलं.

"मी गेल्यावर या घरात कुणीतरी बोलायला पाहिजे. तू तर काही तोंड उघडणार नाहीस."

घुम्या 'हं' म्हणाला. हा 'हं' ताईलासुद्धा उमगला नसावा, कारण ती वळून खोक्यातला थर्माकोल गोळा करायला लागली.

घुम्याकडे तरुणपणी घेतलेला एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर होता. त्याचे जुने स्पीकर फाटून बरीच वर्षं झाली होती, पण अ‍ॅम्प चालू होता. ताई गेल्यानंतरच्या रविवारी त्याने त्यालाच नवे स्पीकर जोडले आणि आपल्या आवडीची सीडी लावली. कुठल्याशा छोट्या सभागृहात झालेली व्हायोलिनची मैफल होती ती. नवे स्पीकर वाजले, पण कसे? वाजवणारा जाड रजई पांघरून शेजारच्या खोलीत बसला असावा तसे. घुम्याने आवाज वाढवला. रजई तशीच राहिली, फक्त मोठी झाली. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, मागे ढकलले, तिरके केले. काही फरक पडेना. तो सोफ्यावर टेकून त्या दोन देखण्या खोक्यांकडे बघत राहिला. ताईने एवढं हौसेने दिलेलं, आणि त्यात जीवच नाही.

संध्याकाळी ताईचा फोन आला. मागे पोरांचा गलका, कुकरची शिट्टी, कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय.

"स्पीकर कसे वाजतात रे?"

"झकास."

"आणि तू बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय!"

असे महिने गेले. घुम्याचं काम दातांचं. दातांच्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून तो कवळ्या बनवायचा. पुढे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेणार, ते माप मागे येणार, घुम्या त्यात प्लास्टर ओतून साचा काढणार, साच्यावर मेण लावून एकेक दात बसवणार. पट्टीवरून दातांचा रंग निवडायचा, हिरडीला घासून गुळगुळीत करायचं, डबीत घालून पुढे पाठवायचं. ज्यांच्यासाठी हे सगळं, ती माणसं त्याला कधी दिसत नसत. टेबलावर वरचे आणि खालचे जबडे ओळीने मांडलेले असायचे, सगळे वासलेले, आणि त्यातला एकही बोलायचा नाही. पूर्वी याचं काही वाटत नसे, कारण संध्याकाळी घरी पुरेसं ऐकायला मिळायचं. आता दवाखान्यातली शांतता संपवून तो घरच्या शांततेत यायचा, कुलूप उघडायचा आणि दिवा लावायचा. घर खायला उठायचं.

मरतुकड्या अ‍ॅम्पवर एवढे मोठे स्पीकर वाया चाललेत हे त्याच्या उशिराच लक्षात आलं, तेही ताईमुळे. फोनवर ती म्हणाली, "दाजींना तुझे स्पीकर ऐकायचेत. येऊ आम्ही जमेल तेव्हा." आता 'झकास'चं बिंग फुटणार होतं. दुसऱ्याच दिवशी तो बाजारपेठेतल्या त्या दुकानात गेला, जिथून ताईने स्पीकर घेतले होते.

दुकान पहिल्या मजल्यावर. आत चाळिशी ओलांडलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेला एक सेल्समन उभा होता. घुम्याने अडखळत आपली तक्रार सांगितली. सेल्समनने स्पीकरचं मॉडेल विचारलं, अ‍ॅम्प कुठला ते विचारलं आणि मान हलवली.

"साहेब, स्पीकरमध्ये खोट नाही. पण ते खादाड आहेत. त्यांना भरपूर करंट लागतो. तुमच्या अ‍ॅम्पची तेवढी ताकद नाही. बिचारा धापा टाकतोय."

"पण मी आवाज फुल करून पाहिला."

"आवाज वेगळा, जोर वेगळा. दमलेला माणूस ओरडला म्हणून त्याच्या अंगात बळ येतं का?"

त्याने दुकानातच तीन-चार अ‍ॅम्प लावून दाखवले. सगळेच छान वाजले. घुम्या गोंधळून गेला.

"इथे सगळं छानच वाजतं," सेल्समन आवाज खाली आणून म्हणाला. "भिंतींना गाद्या मारल्यात, गालिचा आहे. दुकानातला आवाज दुकानातच राहतो. खरं कळतं ते घरी. रविवारी दुकान बंद असतं. मी एकेक अ‍ॅम्प घेऊन येतो, तुमच्याच स्पीकरवर लावू. मालकांना विचारून ठेवतो."

रविवारी दुपारी तो रिक्षातून एक जडशीळ काळं धूड घेऊन आला. जिना चढून घामाघूम झाला होता. घुम्याने पाणी दिलं. त्याने वायरींची टोकं सोलून घेतली, पीळ देऊन घट्ट बसवली, उठून म्हणाला, "लावा तुमचं नेहमीचं."

घुम्याने व्हायोलिन लावलं. पहिला सूर यायच्या आधीच तो दचकला. कुणीतरी खोकलं होतं. डाव्या हाताला, जरा मागे. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग कुणी तरी हलकेच काहीतरी कुजबुजलं आणि दुसऱ्या कुणी तरी हसू दाबलं. ही सीडी त्याने कित्येक वर्षं ऐकली होती, पण तिच्यात माणसं आहेत हे त्याला ठाऊकच नव्हतं. अख्खं सभागृह होतं तिथे, सावरून बसणारं, श्वास घेणारं. आणि मग व्हायोलिन लागलं ते थेट खोलीच्या मधोमध. तारेवर घासणारे गजाचे केस ऐकू येत होते. घुम्या खुर्चीच्या कडेवर आला होता. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

तुकडा संपला. टाळ्या झाल्या.

"कसा वाटला?" सेल्समनने विचारलं. तो ताईच्या वेताच्या खुर्चीत बसला होता. त्या खुर्चीत इतक्या महिन्यांत कुणी बसलं नव्हतं. हातात चहाचा कप होता, आणि घुम्याने आज खूप दिवसांनी दोन कप आधण ठेवलं होतं.

हाच, असं म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर व्यवहार तिथेच संपला असता. सेल्समनने पावती फाडली असती, चपला घातल्या असत्या.

"बरा आहे," घुम्या म्हणाला. "पण जरा... टोचतो."

"टोचतो?"

"वरच्या सुरात. कानाला."

सेल्समनने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "हरकत नाही. पुढच्या रविवारी दुसरा आणतो."

दुसरा काचेच्या नळ्यांचा होता, पेटला की निखाऱ्यासारखा दिसणारा. आवाज मधाळ, पण सभागृहातली माणसं पुन्हा धुक्यात गेली. तिसऱ्यावर इतकी बटणं होती की दोघांनी मिळून अर्धा वेळ चष्मे चढवून बटणंच वाचली. चौथा इतका छोटा होता की घुम्याला वाटलं, हा त्या अ‍ॅम्पचा रिमोट असेल. प्रत्येकात घुम्या काहीतरी खुसपट काढायचा. आठवडाभर कवळ्या घासता घासता तो खुसपटं तयार करायचा. खर्ज ढिला आहे. मधला सूर पातळ आहे. सगळं आहे, पण गाभा नाही. दुकानातून आणलेले कॅटलॉग वाचून वाचून त्याची भाषा इतकी सुधारली की सेल्समन म्हणाला, "दादा, तुम्ही आमच्या दुकानात उभे राहा, मी कवळ्या करतो."

साहेबाचा दादा कधी झाला ते दोघांनाही कळलं नाही.

सेल्समनला बोलायला आवडायचं. त्याच्या दोन खोल्यांत तीन मुली, बायको, आई आणि सासू. "आई आणि सासू दोघींनाही कमी ऐकू येतं," तो सांगायचा, "आणि दोघींचं पटत नाही. म्हणजे भांडण होतं तेही ओरडून, आणि काय म्हणालीस म्हणून परत पहिल्यापासून. माझ्या घराला आवाज कमी करायचं बटणच नाही दादा." घुम्या हसायचा. आपल्याला हसू येतं हे तो विसरलाच होता. मग संगीत लावलं की थोड्या वेळात सेल्समनची मान कलायची आणि तो शांत झोपून जायचा. घुम्या आवाज जरा उतरवायचा आणि त्याच्या समोर बसून राहायचा. खोलीत कुणीतरी श्वास घेत होतं, तेवढं त्याला पुरत होतं.

एका रविवारी सेल्समनला उशीर झाला. घुम्याने बिस्किटं बशीत काढून वर दुसरी बशी झाकली. गॅलरीत जाऊन रस्ता पाहिला. आत आला, खुर्चीवरची उशी झटकली, पुन्हा गॅलरीत गेला. समोरच्या इमारतीत एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने सगळे कपडे घालून संपवले, बादली घेऊन आत गेली, तरी रिक्षा आली नाही. आज तो येणारच नाही असं मनाशी ठरवून घुम्या आत बसला तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली. एवढा घोडा माणूस, दवाखान्यात केस पांढरे झाले, आणि परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसा एका सेल्समनची वाट बघतोय. तेवढ्यात बेल वाजली आणि तो धावत दाराकडे गेला.

त्याच दिवशी ते घडलं. सेल्समन नेहमीसारखा ताईच्या खुर्चीत झोपला होता. फोन वाजला. ताई एरवी संध्याकाळी करायची, आज दुपारीच केला. घुम्याने झटकन संगीत बंद करून फोन घेतला आणि हळू आवाजात बोलायला लागला.

"असा कुजबुजतोस काय? घसा बसलाय?"

"नाही."

"मग? कोण आहे घरी?"

"कुणी नाही गं."

नेमका त्याच वेळी सेल्समन दणदणीत घोरला.

"घुम्या, कुणी नाही तर घोरतंय कोण?"

घुम्याला खोटं बोलायची सवय होती ती एका शब्दाची. एवढं मोठं खोटं त्याला जुळवता येईना. "अ‍ॅम्प दाखवायला आलाय. दुकानातला माणूस."

"अ‍ॅम्प? का?"

"स्पीकर नीट वाजत नव्हते."

"कधीपासून?"

घुम्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पहिल्यापासून?" ताईने विचारलं. "दर रविवारी विचारते मी तुला. दर रविवारी झकास म्हणतोस."

मागे नेहमीचा गलका होता. ताईने कुणाला तरी "जरा थांबा रे!" म्हणून दम दिला आणि तिकडचं सगळं एकदम शांत झालं. अजून ती मैदान थांबवू शकत होती.

"आणखी काय काय झकास चाललंय तुझं?" तिने विचारलं.

घुम्याला बोलायचं होतं. पण त्याच्याकडे या प्रश्नाला साजेसा 'हं'सुद्धा नव्हता. मग ताई म्हणाली, "ठेवते," आणि तिने ठेवला.

वळून पाहतो तर सेल्समन जागा होता. उशी मांडीवर घेऊन बसला होता.

"दादा, पहिलाच चांगला होता ना?"

घुम्याने होकारार्थी मान हलवली.

"मला त्याच दिवशी कळलं. तुम्ही पार खुर्चीच्या टोकाला आला होता. टोचणाऱ्या आवाजाला माणूस मागे सरकतो."

"मग पुढचे कशाला आणलेत? एवढी धुडं उचलून?"

सेल्समन ओशाळं हसला. "मला आठवड्यातून एकदा झोप मिळत होती. घरी सांगितलं होतं, मोठं गिऱ्हाईक आहे, वेळ लागतो." मग उशी जागेवर ठेवत तो गंभीर झाला. "पण आता नाही जमणार. पुढच्या महिन्यापासून दुकान रविवारीही उघडं राहणार आहे. मालकही विचारतात, हे गिऱ्हाईक घेतंय की नुसतं ऐकतंय."

"घेतो," घुम्या म्हणाला. "पहिला."

दोन दिवसांनी सेल्समनने तो काळा अ‍ॅम्प आणून जोडून दिला. घाईत होता, खाली रिक्षा उभी होती. चहा नको म्हणाला. दारात चपला घालताना म्हणाला, "येईन दादा, कधीतरी." घुम्या म्हणाला, "या की." या 'कधीतरी'चा अर्थ काय, ते दोघंही जाणून होते. जिन्यावरून उतरणारी त्याची पावलं घुम्या दार न लावता ऐकत राहिला.

मग रविवार आला. जेवण झालं, भांडी घासून झाली. घुम्याने व्हायोलिन लावलं. अ‍ॅम्पने आपलं काम चोख केलं. ती मंडळी आली, बसली, खोकली, सावरली. व्हायोलिन खोलीच्या मधोमध उभं राहिलं. स्पीकर आता खरोखरच झकास वाजत होते, त्यात शंका नव्हती. घुम्या डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिला. शेवटी टाळ्या झाल्या आणि टाळ्यांनंतर, रेकॉर्डिंग थांबण्याआधी, काही क्षण लोक उठल्याचा आवाज होता. खुर्च्या मिटत होत्या, कुणी कुणाला काहीतरी विचारत होतं. घरी जायला निघाली होती सगळी. मग कुणीतरी तो आवाज हळूहळू खाली आणला होता आणि काहीच उरलं नव्हतं.

त्या काहीच नसण्यात तो बराच वेळ बसून होता. ताईच्या खुर्चीच्या वेतावर ऊन आलं आणि गेलं. गेल्या रविवारपासून तिचा फोन नव्हता. इतक्या महिन्यांत त्याने आपणहून तिला एकदाही फोन केला नव्हता. नेहमी तिनेच करायचा, तिनेच विचारायचं. हे आज प्रथमच त्याच्या ध्यानात आलं.

त्याने नंबर लावला. पहिल्याच रिंगला ताईने उचलला.

"बोल," ती म्हणाली, आणि चक्क गप्प राहिली.

घुम्याला सुरुवात जमेना. तो जबड्यांविषयीच बोलायला लागला. दवाखान्यात टेबलावर किती तोंडं पडलेली असतात आणि कशी ती बोलत नाहीत. मग कुलपाविषयी. मग संध्याकाळी स्वयंपाक एकट्याचा करायचा तर अंदाज चुकतो आणि दुसऱ्या दिवशी तेच गरम करून खावं लागतं, त्याविषयी. मग सेल्समनविषयी, आणि एवढे अ‍ॅम्प आणवले ते कशासाठी त्याविषयी. आयुष्यात एका दमात तो इतकं कधीच बोलला नव्हता. ताईने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. फक्त एकदा, बारीक आवाजात, ती 'हं' म्हणाली.

"ताई, मला करमत नाही गं," शेवटी तो म्हणाला. "तू सुखात आहेस, म्हणून बोलायचं नव्हतं."

पलीकडे ताईने नाक ओढलं. "मी सुखात आहे रे. खरंच आहे. आणि तू तिकडे दिवा लावून एकटा बसलास असं मनात आलं की त्या सुखाची मला लाज वाटते."

"लाज कशाची त्यात?"

"मला कळत नाही कशाची. वाटते." मग तिचा आवाज पूर्वीच्या पट्टीवर आला, इतका की घुम्याने फोन कानापासून लांब धरला. "आता ऐक. दाजींचं ऐकणं-बिकणं राहू दे. तू इकडे ये. आठ दिवस ये. डॉक्टरांना सांग, लोकांना म्हणावं आठ दिवस पेज प्या."

"कामं पडलीत."

"घुम्या!"

"बघतो."

"बघतो नाही. कुठली गाडी ते उद्या मला सांगायचं. तू करायचास फोन, मी नाही करणार."

"करतो," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर घर पुन्हा जसं होतं तसं झालं. घुम्याने स्टूल आणलं आणि आतल्या खोलीतल्या माळ्यावरून प्रवासाची बॅग खाली काढली. आईच्या आजारपणानंतर ती कुणी उघडली नव्हती. चेन गंजली होती. त्याने तिच्यावर मेणबत्तीचं टोक घासलं, पुढे-मागे ओढून पाहिलं, तेव्हा कुठे ती सरकली. आतून कुबट वास येत होता. ओल्या फडक्याने बॅग आतून-बाहेरून पुसून तो ती उन्हात ठेवायला गॅलरीत गेला, तर ऊन उतरून गेलं होतं. तरी त्याने ती तिथेच उघडी ठेवली आणि वारा लागेल अशा बेताने तिचं तोंड फिरवलं.